मधली बाजू

दार लोटून घे आणि अशी दिव्याजवळ बस. घरातले फडकी आणि साबण आणायला बाहेर गेलेत, यायला वेळ आहे. तेवढ्यात माझं सांगून होईल. फक्त मधे बोलू नकोस. "ताई, तुला भास झाला असेल," हे तर अजिबात नको. तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत मी, भास कसा असतो ते मला कळतं.

आमचं काम तुला माहीत आहे. मोठ्या इमारतींच्या आतल्या उंच काचा, जिथे शिडी पोचत नाही आणि मालक वर बघायलाही तयार नसतो, त्या आम्ही पुसतो. मी अंगाने हलकी, म्हणून दोरावरच्या फळीवर मी. खाली दोर धरायला धाकटे दीर. आणि काचेच्या पलीकडे हे. काच इतकी मळलेली असते की पलीकडचा माणूस नुसता हलताना दिसतो, बोललेलं तर काहीच ऐकू येत नाही. म्हणून आमची खूण ठरलेली. कितीही घासून डाग जात नसेल तर तो आपल्या बाजूला नाही असं समजायचं. मग त्या डागावर बोटाने एकदा टकटक करायची. म्हणजे "तुझ्या बाजूला आहे, पूस." दोनदा केली की "झालं, पुढे चल."

आणि यांचा स्वभाव काय सांगू, पडलो तरी नाक वर! इतक्या वर्षांच्या संसारात डाग यांच्या बाजूला कधी नव्हताच. मी टकटक केली की पलीकडून उलट टकटक. मी पुन्हा, हे पुन्हा. शेवटी वैतागून पुसायचे आणि खाली आल्यावर सगळ्यांसमोर म्हणायचे, "तुझाच होता." आमची निम्मी भांडणं काचेतूनच झाली.

त्या दिवशीचं काम एका बंद पडलेल्या दवाखान्यातलं होतं. मधोमध एक मोठा वॉर्ड, वर छताखाली पुरुषभर उंचीच्या खिडक्यांची रांग, आणि खिडक्यांच्या मागे एक बोळ. माणूस आडवा होऊन चालेल एवढाच. रखवालदार म्हणाला, पूर्वी साथीच्या रोगाचे पेशंट इथे ठेवायचे. नातेवाइकांना आत सोडत नसत, ते त्या बोळात उभे राहून वरूनच आपल्या माणसाला बघायचे. खालच्या खिडक्यांना बाहेरून फळ्या ठोकलेल्या, त्यामुळे भर दुपारी आत संध्याकाळ. औषधाचा वास अजून भिंतींना होता, आणि त्याच्या खाली दुसरा एक, भिजून राहिलेल्या गादीचा येतो तसा.

हे दिवा आणि बादली घेऊन बोळाचा जिना चढायला लागले. जाताना म्हणाले, "आज भांडायचं नाही हं."

"तुम्ही पुसलंत तर कशाला भांडेन?" मी म्हटलं.

पहिल्या खिडक्या बऱ्या गेल्या. मग एका काचेवर पंजाचा ठसा दिसला. पाचही बोटं स्पष्ट. मी घासलं, गेला नाही. टकटक केली. पलीकडून लगेच टकटक आली. झालं सुरू, म्हटलं. मी पुन्हा केली, यांनी पुन्हा केली. मला हसू आलं. तेवढ्यात तो ठसा पुसला गेला. फडक्याने नाही गं... बाहीने पुसावा तसा, वरून खाली, सावकाश. मी दोनदा वाजवलं, यांनीही दोनदा वाजवलं. मला वाटलं, चला, आज शहाणपण सुचलं.

जेवायला बसल्यावर मी कौतुकाने म्हटलं, "लवकर पुसलात आज."

"मी? मी हातही लावला नाही. तूच पुसलास आणि आता माझ्या गळ्यात घालतेस."

दीर खो खो हसायला लागले. रखवालदार तिथेच किल्ल्या मोजत बसला होता. तो मान वर न करता म्हणाला, "तुम्ही दोघंही कसं पुसाल? दुहेरी काच आहे. मधे हातभर पोकळी. इकडून बंद, तिकडून बंद."

मी हातातला घास परत पानात ठेवला. आणि काय म्हणावं या माणसाने? "म्हणजे डाग माझ्या बाजूला नव्हताच."

मग यांनी हट्टच धरला. मधली बाजू मळकट ठेवून काम सोडायचं नाही, बोळाकडची चौकट स्क्रू काढून उघडायची आणि आतून पुसायचं. मी बाही धरली यांची. म्हटलं, "डाग पुसलाय ना कुणीतरी? मग कशाला..."

"अगं, ओल पाझरली असेल," हे म्हणाले. बाही सोडवून घेतली आणि गेले.

मी वर पोचले तेव्हा काचा स्वच्छ होत्या, त्यामुळे हे नीट दिसत होते. स्क्रू काढले, चौकट उघडली, दिवा बोळातच ठेवला आणि आडवे होऊन पोकळीत शिरले. बंद काचेतून मला तो गादीचा वास आला. कसा आला ते मला विचारू नकोस. यांचं तोंड माझ्या तोंडासमोर होतं, मधे फक्त एक काच. हे हसले आणि काचेवर एकदा टकटक केली. चिडवत होते मला. मी डोळे वटारले.

यांनी पुन्हा टकटक केली. आता हसत नव्हते. मान वळवून मागे बघायचा प्रयत्न करत होते, पण जागाच नव्हती वळायला. मी यांच्या खांद्यावरून बघितलं. चौकट लागत होती... बोळाच्या बाजूने, आवाज न करता. मग दिवा गेला.

"भाऊजी!" मी ओरडले. "बोळात जा, हे अडकलेत!"

खालून आवाज आला, "अगं, कोण अडकलंय?"

हे खाली उभे होते, हातात बादली घेऊन. "झालं काम. ये खाली," म्हणाले. माझ्या जिवात जीव आला. इतका, की मी हसायलाच लागले. म्हटलं, मेलं आपलंच डोकं फिरलं.

आणि काचेवर टकटक झाली. माझ्या कानापाशी, एकदाच.

आत अंधार होता. काचेला टेकलेली बोटांची पेरं तेवढी दिसत होती, दाबून पांढरी पडलेली. मी खाली बघितलं. यांनी दिरांच्या हातातून दोर घेतला होता आणि वर माझ्याकडे बघत दोर सोडत होते.

"थांबा," मी म्हटलं. "जरा थांबा ना..."

फळी खाली येत राहिली. टकटक वर राहिली. एकेकच होती, दोन कधी झाल्या नाहीत.

तेव्हापासून आमच्या घरात भांडण नाही. शेजारणी म्हणतात, नशीब काढलंस. आता कुठल्याही कामावर मी टकटक केली की पलीकडून लगेच फडकं फिरतं, आणि खाली आल्यावर घरातले, 'हे' म्हणवत नाही मला त्यांना, म्हणतात, "माझ्याच बाजूला होता." जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. यांची एका दुपारी गेली. मी मोरीत नळ सोडून रडते. मला तो हेकट माणूस परत हवाय गं, माझ्याशी तोंडाला तोंड देणारा.

दिरांना एकदा खोदून विचारलं. आधी टाळत होते. मग म्हणाले, "वहिनी, मी जिन्याकडे तोंड करूनच उभा होतो. दादा उतरताना मला दिसला नाही." त्यानंतर ते आमच्याकडे जेवायला थांबत नाहीत.

दोनदा एकटी जाऊन आले तिथे. इमारतीला कुलूप होतं, रखवालदारही नव्हता. बाहेरून कान लावून उभी राहिले. जाड भिंती, काय ऐकू येणार?

आणि परवा घरातले म्हणाले, त्याच दवाखान्याचं काम पुन्हा आलंय. काचा परत मळल्यात. माझ्या पानात वाढता वाढता म्हणाले, "या वेळी मधल्या बाजूला तू जा. तू हलकी आहेस."

मी हो म्हटलं. अशी बघू नकोस माझ्याकडे. मला वेड लागलेलं नाही. कशाला हो म्हटलं ते मला पक्कं ठाऊक आहे. तिथे माझं माणूस उभं आहे, वळायलाही जागा नाही त्याला, आणि त्याला वाटत असेल की मला ऐकू येऊनही मी काही करत नाहीये. मी नाही गेले तर कोण जाणार? सकाळी निघायचंय. म्हणून तुला बोलावलं. पोरीला तुझ्याकडे घेऊन जा, मी न्यायला येईपर्यंत ठेव. आणि मी आले, तर... आल्या आल्या माझ्याशी भांडून बघ. मी लगेच माघार घेतली तर पोरीला माझ्या हाती देऊ नकोस.

नाही, दीर येणार नाहीत. तेच मी काल घरातल्यांना विचारलं. म्हटलं, मी आत गेले तर बाहेरून दोरावर कोण असेल? आणि भाऊजी नसतील तर खाली दोर कोण धरणार?

ते फडकं पिळत होते. थांबून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "वर-खाली जायला दोर कशाला?"

चिडवत नव्हते गं. मी काय विचारतेय ते त्यांना खरंच कळलं नव्हतं.