मावशीच्या मशीनचं उलटं वळण

कॉम्प्युटर दुरुस्त करणं हा माझा धंदा. पण मावशीच्या घरी गेले की आधी चहा, मग तिच्या गुडघ्यांची चौकशी, आणि मग कुठे मशीनचं तोंड दिसतं. मावशी त्यावर विणकामाचे नमुने काढते. स्क्रीनभर चौकटी असतात, एक चौकट म्हणजे एक टाका. क्लिक केलं की चौकट भरते.

त्या दिवशी भरत नव्हती. माऊसच्या डाव्या-उजव्या बटणांची अदलाबदल झाली होती, डावखुऱ्यांसाठी करून देतो तशी. "झोपेत विणतेस का गं?" असं मावशीला चिडवून मी सेटिंग जागेवर आणलं आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. मी माऊस बदलला. व्हायरस शोधले. सगळी सिस्टिम पुसून नव्याने भरली. सेटिंगला पासवर्ड घातला आणि तो मावशीला सांगितला नाही. शेवटी माझ्या दुकानातलं दुसरं मशीनच आणून ठेवलं. दर वेळी मी घरी पोचते न पोचते तोच फोन, "अगं, पुन्हा उलटं झालंय."

आमच्यात डावखुरं कोणी नाही. मावशीचे यजमान, आमचे काकाही डावखुरे नव्हते, आणि त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली.

मला राग आला तो मशीनचा. मावशीच्या मुलाला, आमच्या दादाला, वेगळीच शंका आली. "आईच करते आणि विसरते," तो परगावाहून फोनवर म्हणाला. "उद्या गॅस उघडा ठेवेल. मी घर बंद करून तिला इकडे घेऊन येतो."

फोन स्पीकरवर होता. मावशी सुया उचलून विणलेली ओळच पुन्हा चाचपत राहिली. हे घर सुटलं तर ही बाई झुरून जाईल, हे मला स्वच्छ दिसत होतं.

"ती घरात नसताना बिघडलं, तर मानशील?" मी विचारलं.

"तू सांगितलंस तर मानेन."

सकाळी मी सगळं नीट केलं. अर्धवट नमुना स्क्रीनवर तसाच ठेवला, खिडकी लावली, खोलीला कुलूप घातलं, किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि मावशीला चष्म्याचा नंबर तपासायला नेलं. डॉक्टरांसमोर परीक्षेला बसल्यासारखी ताठ बसून तिने अक्षरं वाचली.

परत आल्यावर दादाला फोन लावूनच मी कुलूप काढलं.

बटणं उलटी झाली होती.

मावशीने टाळी वाजवली. "बघ! मला काही झालेलं नाही!" मी तिला मिठीच मारली. इतका आनंद मला कुठल्याच बिघाडाचा झाला नव्हता. "चुकलो गं आई," दादा म्हणाला. "राहा तू तिथेच."

माऊस कीबोर्डच्या डाव्या बाजूला जाऊन बसला होता, हे मी त्याला सांगितलं नाही.

फोन ठेवल्यावर मावशी स्क्रीनपाशी वाकली. स्वेटरच्या गळ्याशी टाके कसे कमी करायचे, हे कोडं तिला कधीपासून सुटत नव्हतं.

"जमलंय गं," ती हळूच म्हणाली. "माझ्यापेक्षा सुबक."

सकाळी रिकाम्या असलेल्या गळ्याच्या चौकटी आता भरलेल्या होत्या.

"मावशी, चार दिवस माझ्याकडे चल."

"कशाला? तूच दाखवलंस ना, मी ठणठणीत आहे म्हणून." तिने माझ्या गालावर हात फिरवला. "जो कोण आहे, त्याला वेगळा माऊस लावून दे. म्हणजे भांडणच नको."

हसावं की रडावं, कळेना. पण दोन माऊसना दोन वळणं लावता येतात. लावून दिली. वायर खोचताना मी डावीकडे बघायचं टाळलं.

खाली रस्त्यावर आल्यावर सवयीने वर पाहिलं. मावशी खिडकीत उभी होती. एका हातात चहाचा कप, दुसरा हात मला निरोप द्यायला हलत होता.

आणि तिला मी नीट दिसावी म्हणून पडदा बाजूला धरलेला होता.