सरळ अकरा मिनिटं

डोंगरात कोसळलेल्या मालवाहू विमानाची शेपटी बारा वर्षांनी बर्फातून वर आली, आणि तिच्यातली नारिंगी पेटी आणायला तिघंजण निघाले. वैमानिकांच्या कक्षातला शेवटचा अर्धा तास त्या पेटीत आवाजाच्या रूपानं साठलेला होता. तिघांत एक तरुणी होती; विमानाचे कप्तान तिचे बाबा. ते त्यातच गेले. चौकशी अहवालानं सगळा दोष त्यांच्या माथी मारला, आणि तिला ते कधीच पटलं नाही. एकवीस हजार तास विमान उडवलेला माणूस वाट चुकतो? पेटी मिळवायची, ती ऐकायला लावायची आणि अहवाल बदलून घ्यायचा, एवढ्याचसाठी ती आली होती.

सोबत काका होते, त्या दिवशीचे सहवैमानिक. चार दिवसांनी ते बर्फात जिवंत सापडले होते, आणि चौकशीत ‘काही आठवत नाही’ यापलीकडे बोलले नव्हते. मोहिमेचं कळताच मात्र त्यांनीच फोन केला, "मीही येतो." तिसरा वाटाड्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते हिमनदीवर उतरले आणि धुक्यानं त्यांना गिळलं. वर पांढरं, खाली पांढरं, मधे तिघांना बांधणारा एक दोर. पुढे वाटाड्या काठीनं बर्फ टोचत चालला होता. मधे होकायंत्र घेऊन ती. पुढचा माणूस भरकटला की मधल्यानं ओरडायचं, ‘डावीकडे!’ नाहीतर ‘उजवीकडे!’ धुक्यात चालायची हीच रीत. उजव्या अंगाला हिमभेगा होत्या, त्यामुळे चूक चालणार नव्हती. मागून काका धापा टाकत येत होते.

"काका, हे विमान नाही!" वाटाड्या पुढून ओरडला. "इथे पाय उचलावे लागतात!"

"उचलतोय रे बाबा. तू आपलं पुढे बघ."

 मग काका दोराची ढील गुंडाळत तिच्या जवळ आले.

"पेटी ऐकशीलच, पोरी. त्याआधी माझ्या तोंडून ऐक."

"बोला."

"वादळी ढग टाळायला आम्ही ठरलेला मार्ग सोडला. त्यासाठी विमान आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेचं बटण ‘सरळ’वर करायचं असतं आणि ढग संपले की परत ‘मार्गा’वर आणायचं. झोपेतही जमेल असं काम. पण तुझं पत्र होतं बाबांच्या खिशात."

तिला ते पत्र शब्दन् शब्द आठवलं. एकच पान, रागाच्या भरात लिहिलेलं. ‘तुम्ही घरी असलात तरी तुमचं लक्ष घरात नसतं. आमच्याकडे कधी बघितलंय तुम्ही?’

"‘हे बघ, लेकीनं काय लिहिलंय,’ म्हणाले. मी वाचायला घेतलं. मधेच त्यांनी विचारलं, ‘बघतोयस ना?’ मी म्हटलं, ‘बघतोय.’ ते काट्यांबद्दल विचारत होते, पोरी. मला वाटलं, पत्राबद्दल विचारतायत. मग त्यांनी निर्धास्त होऊन कागद काढला आणि तुला उत्तर लिहायला लागले. अकरा मिनिटं विमान सरळ जात राहिलं. वळण डावीकडे होतं."

तिला विचारायचं होतं, ओरडायचं होतं, हे बारा वर्षं गिळून कसं बसलात म्हणून. तिनं हातातल्या होकायंत्राकडे पाहिलं. काटा केव्हाचा सरकला होता! किती पावलं? शंभर? तीनशे?

"डावीकडे!" ती किंचाळली. "थांबा! डावीकडे!"

उशीर झाला होता. मागे कच्चकन आवाज झाला. बर्फ फुटला! दोर ताडकन ताणला गेला आणि ती पाठीवर आपटली. घसरू लागली. टाचा रोवल्या, रुतेनात! कमरेची कुऱ्हाड काढून दोन्ही हातांनी बर्फात हाणली. थांबली! पुढे वाटाड्याही आडवा पडून दोर धरून होता.

"काका!"

"आहे," खोलातून आवाज आला. "पाय गेला बहुतेक."

त्यांना वर ओढायला पाऊण तास लागला. नडगी मोडली होती. तेवढ्यात धुकं फाटलं, आणि भेगांच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर, विमानाची शेपटी उन्हात चमकली. आत काहीतरी नारिंगी दिसत होतं.

वाटाड्यानं आभाळ पाहिलं. "दुपारनंतर वारा सुटणार. भेगांना वळसा घालून पेटीपर्यंत जाऊन यायला दोन तास. काकांना खाली न्यायला सगळा दिवस. दोन्ही होणार नाही, ताई."

"जा तू," काका म्हणाले. "मी थांबतो. चार दिवस काढलेत की इथे."

"बाबांचं उत्तर लिहून झालं होतं?"

"दीडेक ओळ असेल."

"काय लिहिलं होतं?"

"मी बघितलं नाही गं."

तो कागदही तिथेच कुठेतरी बर्फात असेल, बाबांच्या अक्षरातला. ती त्या शेपटीकडे बराच वेळ पाहत उभी राहिली. मग गुडघ्यावर बसून तिनं तंबूच्या काठ्या काढल्या आणि काकांच्या पायाला दोन्ही बाजूंनी बांधायला घेतल्या.  गाठ दोनदा सुटली.

उतरताना होकायंत्र तिच्याकडेच होतं. काट्यावरची नजर न हलवता ती दिशा सांगत राहिली.

दुसऱ्या दिवशी पायथ्याच्या दवाखान्यात, पाय टांगलेल्या अवस्थेत, काकांनी आपला जबाब लिहून काढला आणि तिच्यापुढे धरला.

"अहवालातलं ते वाक्य काय होतं?" त्यांनी विचारलं.

"‘वैमानिकाच्या दुर्लक्षामुळे अपघात झाला.’"

"तिथे ‘का’वर अनुस्वार द्यायला सांग. वैमानिकांच्या."

बारा वर्षं तिला ते वाक्यच पुसून हवं होतं. तिनं जबाब दोनदा वाचला. पत्राचा उल्लेख त्यात कुठेच नव्हता. काका खिडकीबाहेर पाहत होते.

"पत्राचं लिहा," ती म्हणाली. "बाबा कुठे बघत होते, तेही लिहा."

आणि तिनं पेन त्यांच्या हातात परत दिलं.