भैरोबाच्या पाण्यावर

डिंभ्याच्या धरणात कुशाबाची होडी भर पाण्यात बंद पडली. वल्ही मारत ती काठाला लागेपर्यंत अडलेली बाळंतीण सोनीबाई पोटातल्या लेकरासकट गेली. तिचा नवरा गेणू जीप घेऊन काठावर उभा होता. त्याला लांबून नुसतं बघत राहावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्यानं घोडेगावला फिर्याद दिली, की कुशाबा पिऊन होता, त्यानंच घात केला.

जमादार भगवंत तपासाला आले. पोलिसात येण्याआधी ते कळंबला गॅरेजात होते. त्यामुळे माणसांच्या आधी त्यांनी इंजिनालाच बोलतं करायचं ठरवलं.

टाकीत पेट्रोल होतं. प्लगला ठिणगी होती. होडीच्या तळाशी कुंकू लागलेली नारळाची अर्धी वाटी पडली होती. दोरी ओढली, तसं ते जुनं धूड खोकत सुरू झालं. भगवंत पार पलीकडं जाऊन आले, कुठं अडलं नाही.

काठाला येऊन त्यांनी इंजिन बंद केलं आणि लगेच पुन्हा दोरी ओढली. आता ती अगदी हलकी आली. कितीही ओढली तरी इंजिन ढिम्म. प्लग काढून भोकावर अंगठा धरला, तर आतून हवेचा जोरच लागेना. मग आत थोडं ऑइल सोडलं. या खेपेला हवेनं अंगठा भोकावरनं ढकलला.

"रिंगा झिजल्यात. गरम झालं, की कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब जातो; मग एकदा बंद केलं, की निवेपर्यंत सुरू होत नाही. तुला ठाऊक होतं?"

"व्हतं, सायेब," कुशाबा म्हणाला. "म्हनून वाटंत कदी बंद करीत न्हाई."

"पिला होतास?"

"न्हाई."

"मग त्या दिवशी काय झालं? जेलात जाशील, बाबा."

कुशाबा खाली मान घालून उभा राहिला. असल्या गप्प माणसाचा भगवंतांना फार राग येई.

ते काठावर बघत उभ्या असलेल्या गेणूकडं वळले. "होडी कुठं थांबली?"

"भैरोबाच्या पाण्यावर. आमचं जुनं गाव देवळासकट तिथंच बुडालंय."

"आत कोण होतं?"

"सोनी, ह्यो अन् माझी आई. आई म्हनली, इंजिन आपसूक बंद पडलं."

गेणूची आई बयाबाई त्याच्या मागंच उभी होती.

"आपसूक नाही पडलं, गेणू," भगवंत हळू आवाजात म्हणाले. "चालू असलं, की ते चालत राहतं. आत्ताच बघितलंस. म्हणजे ते कोणीतरी बंद केलं. देवाच्या डोक्यावरनं इंजिन न्यायचं नाही, थांबून नारळ द्यायचा, ही तुमच्या जुन्या माणसांची रीत. अर्धी वाटी होडीत आहे. सोनीबाई तर कळांनी तळमळत होती. कुशाबाला इंजिनाची खोड ठाऊक, तो आपणहून थांबणार नाही. राहिलं कोण?"

"म्या," बयाबाई म्हणाली. "सून सुकरूप सुटावी म्हनून नारळ दिला. कुशाबा नगं म्हनत व्हता. म्या त्याला भैरोबाची आन घातली. मग भ्याले. लेकाला काय त्वांडानं सांगू?"

गेणूनं आईकडं एकदा पाहिलं आणि एकटाच चढ चढून निघून गेला. बयाबाईला त्याच्या मागं जायचं धाडस झालं नाही.

"पण तू का गप्प बसलास?" भगवंतांनी विचारलं.

कुशाबाच्या डोळ्यांत पाणी होतं.

"त्याची बायकू गेली, प्वार गेलं. आई तेवढी ऱ्हायली व्हती, सायेब. आता तीबी गेली."