चेहऱ्याच्या जागी रस्ता

"तेल लावून आलात?"

सेन्सरची टोपी हातात घेऊन तो माझ्या मागे उभा होता, आणि मी ओशाळले होते. कॉलेजात जाते म्हणून आईनं धरून बसवलं होतं, चपचपीत तेल लावून वेणी घातली होती.

"अय्यो! तेलातून सिग्नल येत नाही की हो. उद्या या, केस धुऊन."

त्याचं नाव प्रभुलिंग. अक्कलकोटचा, सोलापुरातल्या एका कॉलेजात संशोधन करत होता. माणूस मनात जे बघतो ते मेंदूच्या सिग्नलवरून ओळखायचं, बोलता न येणाऱ्या रुग्णांसाठी. त्याला माणसं हवी होती. आणि मला... बाबांचा चेहरा. ते जाऊन सात महिने झाले होते. भिंतीवर फोटो होता, पण डोळे मिटले की चेहरा येत नव्हता. मशीनला तरी सापडेल, असं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो एकेका सेन्सरखाली जेल भरत होता. बोट केसांना लागलं की "सॉरी". बत्तीस सेन्सर, बत्तीस सॉरी.

"चेहरा, घर, झाड, रस्ता. मी सांगेन ते डोळे मिटून बघायचं. मशीन चारांतलं एक ओळखतं. फोटो काढत नाही हां!"

मी मान हलवली. म्हणजे बाबांचा चेहरा मशीन दाखवणार नव्हतं, तरी मी बसून राहिले.

घर बरोबर येई, झाड बरोबर येई. 'चेहरा' म्हटलं की मशीन सांगे – रस्ता. तीन दिवस तेच.

"उत्कर्षा, मुद्दाम करताय व्हय? माझा प्रबंध बुडवणार तुम्ही!" तो हसला... आणि माझ्याकडे बघून थांबला.

मग मी सांगितलं. बाबा एसटीचे ड्रायव्हर, मंगळवेढ्याच्या गाडीवर. सुट्टीत मी त्यांच्या मागच्या सीटवर बसायची. आता बाबा आठवले की दिसते ती त्यांची मान, खाकी कॉलर आणि काचेपलीकडे ज्वारीतून जाणारा रस्ता.

त्यानं वहीतले तीन दिवसांचे आकडे पुन्हा पाहिले. मग हळूच म्हणाला, "म्हणजे मशीन चुकलं नाही. तुम्ही रस्ताच बघत होता... बाबांबरोबर."

त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा चहाला गेलो. मग रोजच. दोन आठवड्यांत 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कुणीच विचारलं नाही.

शेवटच्या दिवशी तो म्हणाला, "चेहरा." मी डोळे मिटले. स्क्रीनवर – चेहरा. पुन्हा चेहरा. पाच वेळा.

तो खुर्चीतून उठलाच. "आले! बाबा दिसले?"

"नाही रे. ते अजून गाडीच चालवतायत... चालवू दे त्यांना."

"मग कोण?"

मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याचे कान आधी लाल झाले, मग त्यानं उगाचच वही उघडली.

"हे... हे काय लिहू मी?"

"चेहरा, बरोबर आला."

"कुणाचा, ते पण लिहावं लागतं."

"मग लिही की. तुझं नाव मी सांगू व्हय तुला?"