लाल गाडीचा क्लच

उज्जैनला नानाखेड्याच्या बसस्टँडसमोर चारुलता टेम्पोतून उतरली, तिनं रस्त्यावर पाऊल टाकलं मात्र, समोरून एक लाल धूड थेट तिच्या अंगावर येऊ लागलं. ना स्कूटर, ना जीप... मोटरसायकलला चार जाडजूड चाकं लावावीत तसं काहीतरी! तिचे पाय जागीच खिळले.  हातभर अंतरावर ते धूड गचका खाऊन बंद पडलं.

"लागलं तर नाही ना मॅडम?" वर बसलेला तरुण ओरडला. भुरभुर पावसानं त्याचे केस कपाळाला चिकटले होते, आणि चेहरा तिच्याहूनही पांढरा पडला होता.

चारुलताला खरं तर त्याला चार शब्द सुनवायचे होते. पण तिची नजर गेली त्याच्या डाव्या हातावर.

"तुमची ही बोटं वळत नाहीत," ती म्हणाली.

त्यानं हात पटकन मागे घेतला. "कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? फ्रीगंजमध्ये हाडांच्या दवाखान्यात आहे मी. व्यायाम करवून घेते. दिवसभर बोटंच बघते लोकांची."

"मग आता एक करा..." तो इकडंतिकडं बघत हळूच म्हणाला, "बघितली ती विसरून जा."

विसरणार कशी? दुसऱ्याच दिवशी स्वारी दवाखान्यात हजर! नाव यज्ञेश्वर, नानाखेड्याला स्वतःचं गॅरेज. वर्षापूर्वी गाडीच्या चेनमध्ये बोटं सापडून नस कापली गेली होती. रबरी चेंडू त्याच्या हातात देऊन चारुलता मोजायची, आणि तो बोलायचा.

"दहा झाले."

"आठ झाले. लबाडी नाही चालणार."

"तुम्ही हसल्या की मोजायचं राहून जातं ना..."

चारुलता मान खाली घालायची, पण चेंडू काही परत मागायची नाही. पंधरा मिनिटांची पाळी हळूहळू अर्ध्या तासाची झाली.

गोष्ट अशी होती, की विदेशी माल नुकता कुठं मोकळा येऊ लागला होता. इंदूरच्या एका शेठजींनी तशा चार जाड चाकांच्या दोन गाड्या मागवल्या होत्या, एक लाल, एक निळी. त्रिवेणीपलीकडच्या माळावर लोकांना त्या पैसे घेऊन फिरवायला द्यायच्या, असा त्यांचा बेत. त्यासाठी चालवायला शिकवणारा उस्ताद हवा होता. गाड्या यज्ञेश्वरनंच जोडून उभ्या केल्या होत्या, आणि येत्या रविवारी त्याची परीक्षा होती. जमलं तर उज्जैनमध्येच राहायचं. नाही जमलं तर गॅरेज बंद करून सुरतेला मोठ्या भावाकडे. तिथं त्याच्यासाठी जागा ठरलेलीच होती.

सुरत हा शब्द ऐकला, की चारुलताचं मोजणं चुकायचं.

"निळी चालवा ना," ती एकदा म्हणाली. "तीत क्लच नाही म्हणता."

"ती ऑटोमॅटिक! अंगठा दाबला की निघाली. ती तर पोरासोरांची आहे. कॉलेजची मुलं लालच मागतील. गियर आपण टाकायचा, क्लच आपण सोडायचा... तेव्हा कुठं गाडी चालवली म्हणायचं. अन् उतारावर बघा, निळीचा अंगठा सोडला की ती मोकाट पळते. लाल पहिल्या गियरमध्ये धरून ठेवते."

"आणि चढावर?"

तो चेंडू तेवढा दाबत राहिला.

"सांगा ना."

"चढावर डाव्या हातानं क्लच हळूच सोडावा लागतो. एकदम सुटला, तर पुढची चाकं उचलतात... अन् गाडी मागे उलटते. माणसावर." मग तिचा चेहरा बघून हसला. "तुम्ही का घाबरून राहिल्या? बोटं आता वळतात की!"

वळत होती. पण दहाच मिनिटं. मग पेटके यायचे आणि मूठ आपोआप उघडायची. हे ठाऊक असलेली माणसं जगात दोनच.

मुळात चारुलता भित्री. कॉलेजात असताना फ्रीगंजच्या पुलावर लूनावरून पडली, त्यानंतर कुठल्याही दुचाकीवर बसली नव्हती. रेल्वेत गार्ड असलेले तिचे वडील, आप्पा, तर म्हणायचे, ही पोर स्वतःच्या सावलीलासुद्धा हॉर्न देईल. ती रविवारी माळावर एकटी गेली, हेच नवल! रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता.

निळी गाडी यज्ञेश्वरनं सहज फिरवली. मग लाल. एक फेरी, दोन, चार... गर्दी टाळ्या वाजवत होती आणि चारुलता घड्याळ बघत होती. दहा मिनिटं झाली. बारा. तो गर्दीपुढं बांधलेल्या दोरीशी येऊन थांबला, तेव्हा त्याचा डावा हात मांडीवर पडून होता, आणि बोटं थरथरत होती.

"वाह उस्ताद!" शेठजी म्हणाले. "अब आखिरी काम. पीछे सवारी बिठाओ, नीचे नदी तक जाओ. लौटते में चढ़ाई पर बीच में रोकना, फिर उठाना. कौन बैठेगा, भाई?"

उतार घसरणीचा होता. खाली शिप्रा गढूळ फुगून वाहत होती. गर्दीतले भलेभले शूर मागे सरकले.

"मी बसते," कुणीतरी म्हणालं. तो आवाज आपलाच आहे, हे चारुलताला जरा उशिरानं कळलं.

"तुम्ही? उतरा... प्लीज," तो पुटपुटला. ती ओढणी खोचून त्याच्या मागे बसलीसुद्धा होती.

"गप्प चालवा. कधी दाबायचं तेवढं सांगा." तिनं त्याच्या काखेखालून डावा हात पुढे घातला आणि त्याच्या थरथरत्या बोटांवर ठेवला. तिची बोटं गार पडली होती. 

उतार सरला. पाण्याजवळून गाडी वळली आणि वर निघाली. अर्ध्यावर त्यानं ब्रेक लावला. "दाबा!" तिनं दाबला. गाडी चढावर लटकल्यासारखी उभी राहिली. मागे पाण्याचा आवाज. त्याच वेळी त्याची बोटं आखडली आणि तिच्या हाताखालून निसटली. आता क्लच फक्त तिच्या मुठीत होता.

"चारू... सोडू नका."

"नाही सोडत."

"मी रेस देतो. हळू... अजून हळू... थोडं थांबा..."

पुढची चाकं जरा हलकी झाली. चारुलतानं डोळे घट्ट मिटले, त्याच्या पाठीला कपाळ टेकवलं आणि केसाकेसानं मूठ सैल केली. चाकांनी चिखल उडवला, माती पकडली, आणि गाडी वर चढली.

वर एकच जल्लोष! शेठजींनी हात पुढे केला. "कल से आ जाओ. गाड़ियाँ तुम्हारी, बच्चे तुम्हारे."

यज्ञेश्वरनं चारुलताकडे बघितलं. त्या नजरेत विनवणी होती. गप्प राहिलं की झालं! सुरत नाही, काही नाही, तो इथंच राहणार. पण उद्या त्याच्या मागे कुणाचं तरी लेकरू बसेल. त्याला कुठं ठाऊक असणार, कधी दाबायचं ते?

"शेठजी," ती म्हणाली, "चढ़ाई पर क्लच मैंने छोड़ा. इनकी उँगलियाँ दस मिनट से ज़्यादा नहीं चलतीं."

शेठजींचा हात मागे गेला. यज्ञेश्वर ताडताड चालत पाण्याच्या टाकीकडे गेला आणि चिखलाचे हात धूत बसला. चारुलताला रडू कोसळलं. गेला... आपणच घालवला.

बऱ्याच वेळानं तो शेठजींशी बोलून आला.

"राग आला?" तिनं विचारलं.

"खूप." तो बाजूला बसला. "अन् सुटल्यासारखंही वाटलं. रोज रात्री मला तो चढ दिसायचा. कुणाला सांगू शकत नव्हतो."

"मला का नाही सांगितलं?"

"तुमच्यासमोर भित्रा कशाला दिसू?" तो जमिनीकडे बघत म्हणाला. "शेठजी म्हणतात, लालवर दुसरा माणूस ठेवतील. मी निळी सांभाळायची. पोरासोरांची. लोक हसतील, चारू."

"हसू देत. तुम्ही सुरतेला गेला असता तर मी काय केलं असतं?" ती एकदम बोलून गेली आणि लाजून लालबुंद झाली. "मी बसेन ना निळीवर... मागे."

"रोज?"

पाऊस पुन्हा भुरभुरू लागला होता. चारुलतानं त्याचा डावा हात हातात घेतला आणि आखडलेली बोटं एकेक करून चोळायला घेतली.

"मग आप्पांना आपल्या लग्नाचं तुम्हीच विचारा," तो हळूच म्हणाला. "मला त्यांची फार भीती वाटते."

"मलाही वाटते," ती म्हणाली. "आपण दोघं बरोबर जाऊ."