डावीकडचं दार

गाडी सर्व्हिसिंगला द्यायची होती, काम काय ते एवढंच. डिसेंबरची सकाळ होती, हेब्बाळच्या तळ्यावरचं धुकं अजून हललं नव्हतं, आणि दामोदरराव ती बुटकी निळी गाडी प्रत्येक गतिरोधकावर तिरकी घालत, पोट घासू नये म्हणून जीव मुठीत धरून व्हाइटफील्डकडे निघाले होते. सत्तरीच्या माणसाच्या हातात असली गाडी बघून सिग्नलवरची पोरं हसायची. त्यांना तरी कुठे हौस होती! गाडी त्यांची नव्हतीच. ती राजसची, त्यांच्या एकुलत्या एका मुलाची.

राजसला जाऊन वर्ष होत आलं होतं. डेंग्यूचं निमित्त झालं आणि धडधाकट पोरगा आठवड्याभरात गेला. तो हॉस्पिटलात असताना गाडी मल्लेश्वरमला, त्यांच्या इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये उभी होती. पुढे ती विकायचा विषय निघाला तेव्हा सुलभाताई एवढंच म्हणाल्या, "मी असेपर्यंत नाही." नुसती उभी ठेवली तर बॅटरी बसते, म्हणून दामोदरराव ती चालवायला शिकले.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. राजस होता तेव्हा दामोदरराव त्या गाडीत एकदाही बसले नव्हते. घरात माणसं तीन, आणि पोराने गाडी आणली दोघांची. "तिसऱ्याने काय टपावर बसायचं?" असं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं आणि तोच राग धरून ठेवला. राजस बिचारा आईला फिरवून आणायचा. वाटेत कुठेतरी सावलीला थांबून तिला संत्री सोलून द्यायचा आणि साली दाराच्या कप्प्यात ठेवायचा. गाडीला वेगळं अत्तर कशाला, म्हणायचा. परत आला की दारातूनच विचारायचा, "बाबा, एक चक्कर मारायची?"

"पुढच्या वेळी," दामोदरराव पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे. त्याने विचारायचं मात्र कधी सोडलं नाही.

सर्व्हिस सेंटरमधला कार्तिक चुणचुणीत होता. गाडीची सगळी तपासणी झाल्यावर तो हातातल्या स्क्रीनकडे बघत म्हणाला, "सर, एक सॉफ्टवेअर अपडेट आया है. दरवाज़े और सीट का. कम्पल्सरी नहीं है, आपकी मर्ज़ी."

"क्यों? दरवाज़े को क्या हुआ?"

"कुछ गाड़ियों में अपने आप खुलता है, बोलते हैं. आपका खुलता है क्या?"

उघडत होतं. डावीकडचं.

ते एकटे खाली गेले की व्हायचं. तळघर भर दुपारीही काळोखं असे. वीज वाचावी म्हणून सोसायटीने तिथे चाहूल लागली की लागणारे दिवे बसवले होते, तेही दामोदररावांच्याच आग्रहाने. माणूस चालेल तसतसा पुढचा दिवा लागायचा आणि मागचा विझायचा. ते गाडीजवळ पोचले की डावीकडचं दार टक् करून सुटायचं, आणि आतली सीट घुर्र आवाज करत मागे मागे सरकायची, पार शेवटापर्यंत. उंच माणसाचे पाय मावतील इतकी. दामोदरराव सहा फूट होते. मग संत्र्याच्या सालीचा वास यायचा. साली तर सुलभाताईंनी केव्हाच काढून तुळशीत घातल्या होत्या. दामोदरराव ते दार ढकलून लावायचे, गाडीला वळसा घालून उजवीकडून बसायचे आणि लॅच ढिला आहे असं स्वतःला सांगायचे.

"अपडेट डाला तो ठीक हो जाएगा," कार्तिक म्हणाला, आणि मग जरा घुटमळला. "पर सर... पुराना सब उड़ जाएगा. चलानेवाले की सीट, उसकी आदतें, सब. गाड़ी में अभी भी राजस सर का ही नाम है. एक बार गया तो वापस नहीं आएगा. स्वल्प सोचके बोलिए."

आता दामोदररावांचा स्वभाव. त्यांची सगळी नोकरी सरकारी हँगरमध्ये विमानांच्या देखभालीत गेली होती. तिथे सुधारणेच्या सूचना दोन जातींच्या यायच्या, सक्तीच्या आणि ऐच्छिक. ऐच्छिक आली की बाकीचे साहेब ती फायलीला लावून चहाला जात. दामोदरराव ती त्याच आठवड्यात अमलात आणत. आज जी ऐच्छिक असते तीच उद्या कुणाच्या तरी जिवावर बेतते, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलं होतं. माहीत असलेला दोष तसाच ठेवून यंत्र बाहेर सोडायचं नाही, मग ते विमान असो की मिक्सर. असा माणूस एरवी जागच्या जागी हो म्हणाला असता. त्या दिवशी मात्र, का कोण जाणे, "कल बताता हूँ" म्हणून ते गाडी घेऊन घरी आले.

सुलभाताई अवऱ्याच्या, म्हणजे इकडच्या पावट्याच्या, शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सक्तीचं नाहीये ना? मग नको."

"अगं, दार आपोआप उघडतं. उद्या हायवेवर उघडलं तर? तू बसतेस त्या बाजूला."

"माझ्यासाठी कधी उघडलं ते?" त्या हातातली शेंग खाली ठेवून म्हणाल्या. "एवढ्या वेळा आले तुमच्याबरोबर. दर वेळी हाताने ओढते मी. सीटही पुढेच असते, माझ्या बेताची. तुम्ही एकटे गेलात की उघडतं, हे तुम्हीच सांगितलंत ना?"

"सेन्सरचा दोष आहे तो."

"दोष माणूस बघून होतो का हो?"

दामोदरराव चिडले. "मग तुझं म्हणणं तरी काय आहे?"

"काही नाही. एकदा डावीकडे बसून बघा... एवढंच."

त्या पुन्हा शेंगा सोलू लागल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज साधाच होता.

संध्याकाळी दिवेलागणीला दामोदरराव खाली गेले. दोष पकडायचा तर पद्धतशीर पकडायचा, म्हणून गाडीच्या दोन्ही चाव्या वर ओट्यावर ठेवून गेले. चावी जवळ नसेल तर ही गाडी कुणाला ओळखत नाही. तिची बाहेरची हँडलंसुद्धा दारात दडलेली असतात, चावीवाला जवळ आला तरच बाहेर येतात. म्हणजे आज दार उघडायला नको होतं.

लिफ्टपासून एकेक दिवा लागत गेला, मागचा विझत गेला. ओलसर सिमेंटचा वास. कुठेतरी पाइपातून पाणी ठिबकत होतं. ते गाडीच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. बराच वेळ काहीच झालं नाही. त्यांना हायसं वाटलं आणि, खरं सांगायचं तर, थोडं वाईटही वाटलं.

टक्.

डावीकडचं दार सुटलं. सीट घुर्र करत मागे गेली. वास आला, तोही सुकल्या सालींचा नाही. आत्ता, या क्षणी कुणीतरी नख लावून संत्रं सोललं होतं. दामोदरराव वाकले आणि त्यांनी आत पाहिलं.

उजवीकडची, चालवणाऱ्याची सीट हळूहळू दबत होती. कुणी आरामात बसावं तशी. समोर पट्ट्याचा लाल दिवा लागला... पट्टा बांधा, पट्टा बांधा. मग तो विझला. पट्टा तर आपल्या जागी तसाच लोंबत होता.

गाडी सुरू झाली नाही. नुसती थांबून राहिली. दार उघडं, सीट मागे, सगळी तयारी. बसायचं तेवढं बाकी होतं.

आणि दामोदरराव पळाले. लिफ्टसुद्धा न बघता जिन्याने धापा टाकत वर आले. पोटच्या पोराची भीती वाटली त्यांना. या एका गोष्टीसाठी त्यांनी पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुलभाताई भाजीला गेल्या असताना त्यांनी कार्तिकला फोन लावला. "कर डालो," म्हणाले. हे आपण तिच्या जिवाच्या काळजीने करतोय, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

कामाला फारसा वेळ लागला नाही. गाडी परत मिळाली तेव्हा स्क्रीनवर नवीन चालकाचं नाव विचारलं होतं. दामोदररावांनी आपलं नाव घातलं. घरी येईपर्यंत कसलाही खुट्ट आवाज नाही, कसला वास नाही. यंत्र कसं असावं, तर असं. तरी मल्लेश्वरमच्या चढावर त्यांना उगाच हुंदका आला.

वर सुलभाताई दारातच उभ्या होत्या. राजसचा फोन त्या रोज चार्ज करून त्याच्या फोटोपाशी ठेवत. तो त्यांच्या हातात होता. त्यांनी तो पुढे केला. गाडीच्या ॲपवर निरोप आला होता. या गाडीवरून तुमचं नाव काढण्यात आलं आहे, ही गाडी यापुढे तुमच्यासाठी उघडणार नाही.

"त्याला कळवलंतसुद्धा," त्या म्हणाल्या.

"सुलभा, अगं, ते यंत्र सगळ्यांनाच..."

"तो तुम्हालाच बोलवत होता हो. मला तर त्याने खूप फिरवलं."

त्या आत निघून गेल्या. दामोदरराव कितीतरी वेळ चपला न काढता तिथेच उभे होते. बाबा, एक चक्कर मारायची? इतके महिने रोज कुणीतरी दार उघडून विचारत होतं, आणि रोज त्यांनी ते ढकलून लावलं होतं.

संध्याकाळी ते पुन्हा खाली गेले. चावी खिशात होती. डावीकडचं दार आज त्यांना हाताने ओढावं लागलं. सीट पुढेच होती, मागे सरकली नाही. ते तसेच आत शिरले, गुडघे पुढच्या फळीला टेकवून अवघडून बसले आणि त्यांनी दार लावून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा ते त्या बाजूला बसले होते. हळूहळू बाहेरचा दिवा विझला.

"बसलो रे," ते अंधारात म्हणाले. "चल... कुठे जायचं तिकडे चल."

उजवीकडची सीट दबली नाही. पाइपातलं पाणी ठिबकत राहिलं. त्यांनी डोळे मिटले.

टक्.

आवाज बाहेरून आला होता. उजवीकडच्या दाराबाहेरून. तिथलं हँडल बाहेर आलं, आत गेलं. पुन्हा बाहेर आलं. मग दाराला हळूच ओढ बसली. मग जरा जोरात. सगळी गाडी किंचित हलली. बाहेरचा दिवा लागला होता, आणि काचेपलीकडे कुणीही नव्हतं.

"थांब... थांब रे, उघडतो!"

ते अंग मुरडून पलीकडे वाकले. गुडघे अडकले. आतली कळ सापडेना. बाहेर टक्, टक्, टक् चाललं होतं. आपल्याच घराचं कुलूप बदललेलं पाहून गोंधळलेला माणूस पुन्हा पुन्हा चावी लावून बघतो, तसं. मग ते थांबलं. आणि थांबल्यावर त्यांना कळ सापडली.

दार उघडलं. बाहेर संत्र्याचा वास तेवढा होता.

"राजस! ये ना... बस. मी बसलोय बघ."

गाडीशेजारचा दिवा विझला आणि त्याच्या पुढचा लागला. मग त्याच्याही पुढचा. सावकाश, रमतगमत चालणाऱ्या माणसाच्या चालीने एकेक दिवा लागत, विझत रॅम्पकडे निघाला. दामोदरराव कसेबसे बाहेर पडले, हाका मारत मागे धावले. त्यांच्या डोक्यावरचे दिवे वेगळे लागत होते, आणि ते दिवे वेगळे, पुढे पुढे. शेवटचा रॅम्पच्या तोंडाशी लागला. ते तिथे पोचले तेव्हा बाहेर रस्त्यावर रिक्षा पळत होत्या, फूलवालीपाशी गर्दी होती, बाकी काही नाही.

आता ते रोज संध्याकाळी डावीकडे जाऊन बसतात. उजवीकडचं दार सताड उघडं ठेवतात, त्याने बॅटरी बसते, आणि इतकी वर्षं यंत्रांवर करडी नजर ठेवणारा हा माणूस ती निमूटपणे पुन्हा चार्ज करतो. कधी कधी सुलभाताई खाली येतात आणि जेवायला चला म्हणून त्यांना उठवून नेतात. गाडीत पुन्हा काहीही झालेलं नाही.

रॅम्पच्या तोंडाशी असलेला तो दिवा मात्र त्या दिवसापासून विझलेला नाही. इलेक्ट्रिशियन येऊन गेला, सेन्सर काढून नवा बसवला. दिवा उत्तम चालतो, म्हणाला. खाली कुणी उभं नसलं की आपोआप विझायला हवा.

सोसायटीने दामोदररावांनाच विचारलं, वायरिंगच बदलून घ्यायचं का, म्हणजे कायमचा बंदोबस्त होईल. तशी काही सक्ती नाही.

"नको," ते म्हणाले. "राहू दे. जळू दे त्याला."