डावीकडे न वळणारी पिकअप

रंजीताची आणि प्रफुल्लची ओळख चिखलानं करून दिली. जिवतीच्या घाटात तिची भाजीची पिकअप रुतलेली, आणि हा टायरवाला मोटरसायकल थांबवून तिच्या चाकांकडेच बघत बसला.

"मॅडम, हे टायर हायेत का पापड?"

"ढकलतं का नुसतं बोलतं?"

त्यानं ढकललं. सगळा चिखल त्याच्याच तोंडावर उडाला... आणि त्या तोंडावरचं हसू ती घरी घेऊन गेली.

तेव्हापासून दर बाजाराला ती गडचांदूरच्या चौकातल्या त्याच्या दुकानात हवा तपासायला थांबू लागली. हवा कधीच कमी नसायची. दोघंही गंभीर चेहऱ्यानं मीटर बघायचे.

आज मात्र ती खरंच टायर बदलायला आली होती. दुपारी तिला बघायला आरमोरीचे पाहुणे येणार होते, आणि घरच्यांनी होकार जवळजवळ ठरवूनच टाकला होता. प्रफुल्लनं मोठे, रानवाटेचे, खोल नक्षीचे टायर चढवले. नट आवळले. पुन्हा आवळले.

"अजून काही सांगायचं हाये?" तिनं विचारलं.

"हो... शंभर किलोमीटरनं नट परत आवळून घेजो."

झालं! त्यानंच गाडी मागं घेत रस्त्याला लावून दिली. चौकातल्या गोलाला वळसा घालून ती घराच्या रस्त्याला डावीकडे वळायला गेली, तर — खर्रर्र! नवा टायर मडगार्डला घासला. स्टिअरिंग उजवीकडे लोण्यासारखं फिरे, डावीकडे फिरेचना. आणि गोलातून सुटणारा प्रत्येक रस्ता डावीकडेच होता.

ती फिरून पुन्हा दुकानासमोर. मागं ट्रॅक्टर कोकलत होता.

"घासून राह्यलं, प्रफुल्ल!"

"थोडं मोठं झालं वाटते..." तो सोबत धावत म्हणाला.

पुढची फेरी.

"मले पाहाले पाहुणे येऊन राह्यले आज!"

तो जागीच थांबला. त्याला काहीच वाटलं नसेल तर? ही फेरी तिला चंद्रपूरएवढी लांब वाटली.

"पोरगा काय करते?" त्याचा चेहरा पांढराफटक होता.

"मास्तर हाये!"

"...चांगलं हाये."

चांगलं हाये? पुढची फेरी तिनं इतक्या रागात मारली, की ट्रॅक्टरवाला स्वतःचा रस्ता विसरून तिच्यामागंच फिरू लागला. त्याच्यामागं दोन ऑटो.

"टायर बदलून देतो!"

"टायरचं बोलू नोको!"

तेव्हा तो हात पसरून गाडीपुढं उभा राहिला. ब्रेक लागला तो त्याच्या पोटापासून वीतभर अंतरावर.

"घासते ते सकाळीच दिसलं होतं मले. मडगार्डची एक पट्टी कापली का झालं... पण कापली असती, तर तू गेली असती न."

रंजीतानं इंजिन बंद केलं.

"भाऊ, पुढचंबी बोलून टाक," ट्रॅक्टरवाला ओरडला. "मले युरिया न्यायचा हाये!"

"त्याईले नाई म्हण, रंजीता. मी हावो न."

"मी एकटीच काऊन म्हणू? चाल, तू सांग बाबाले. पण आधी पट्टी काप."

त्यानं करवत आणली. दोनदा ती चुकीच्या जागी लावली, आणि इवल्याशा कामाला चौक तुंबून राहिला. हॉर्न मात्र कुणी वाजवला नाही. मग तो शेजारी बसला, आणि पिकअप अलगद डावीकडे वळली.

"बाबा नाई म्हणाले तर?" त्यानं हळूच विचारलं.

"मंग काय," रंजीता म्हणाली. "रस्ता नसला तरी चालते आता ही गाडी."